लवणशक्तीचा भागधारक

"कंपनी बरी हाये ना, पोरी?"

फोनवर उमरेडचे रुपराव होते. चिन्मयीने घड्याळाकडे पाहिलं. सोमवार, सकाळचे सव्वादहा. दर सोमवारची ही वेळ माणसाने कधी चुकवली नव्हती.

"बरी आहे, काका. लवकरच सुधारणा दिसेल," समोरच्या कागदावरचं वाक्य तिने वाचून दाखवलं.

'लवणशक्ती'च्या हिंगण्यातल्या ऑफिसात भागधारकांचे फोन घेणं हे चिन्मयीचं काम. कंपनी मिठापासून बॅटरी बनवायची. तिचा शेअर बाजारात आला तेव्हा एकशेवीस रुपयांचा होता. वर्षभरात सहाशे चाळीसवर गेला. मालक सुशील सर रोज कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर दिसत. कोळशाचे दिवस संपले, असं ते सांगत आणि लोक एफड्या मोडून शेअर घेत. मग मे महिना आला. शेहेचाळीस डिग्रीत बॅटऱ्या फुगल्या, मोठी ऑर्डर रद्द झाली. आता भाव एकतीस होता आणि त्या भावालाही घेणारे कमीच होते.

फोनवर लोक शिव्या घालत. कन्हानच्या एका बाई तर काही न बोलता नुसत्या रडल्या होत्या. रुपरावांनी मात्र कधी आवाज चढवला नाही. भावसुद्धा विचारला नाही.

"तुमचे साहेब येऊन राहिले ना हापिसात?" एवढंच विचारत. किंवा, "आवाज खचला तर नाही ना त्यायचा?"

चिन्मयीला त्यांचं कौतुक वाटे. आकडे बघण्यापेक्षा माणूस पारखणारे हे जुने लोक. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढली, असं त्यांनीच एकदा सांगितलं होतं. निवृत्तीचे सगळे पैसे इथे घातले असणार. एकदा तिने भागधारकांच्या यादीत त्यांचं नाव शोधलं. सापडलं नाही. बायकोच्या नावावर घेतले असतील, असं म्हणून तिने यादी मिटली.

गुरुवारी दुपारी ती मीटिंगमध्ये कागद द्यायला गेली आणि नको ते ऐकून बसली. सोमवारी कंपनी दिवाळखोरीचा अर्ज करणार होती. कंपनीच्या वकिलाने तिला दारातच थांबवलं. यातला एक शब्द बाहेर गेला तर नोकरी तर जाईलच, वर पोलीस दारात येतील, असं त्याने शांतपणे सांगितलं.

तिला डबा गेला नाही. दोन वाजता ती रुपरावांचा नंबर टिपून, स्वतःचा मोबाइल घेऊन कंपनीच्या फाटकाबाहेर, बसथांब्यापाशी जाऊन उभी राहिली.

"काका, मी चिन्मयी, लवणशक्तीतली. मी सांगितलं असं कुणाजवळ बोलू नका. तुमचे असतील नसतील तेवढे शेअर आजच विकून टाका. सोमवारनंतर काही उरणार नाही."



"बुडाली का कंपनी?"

"हो, काका."

"आन् साहेब?"

"सरांचं सोडा. तुम्ही तुमचं बघा. साडेतीनला बाजार बंद होतो."

"हे सांगून राहिली तू मले, तुह्या नोकरीचं काय वं?"

"माझं मी बघेन. किती शेअर आहेत तुमचे?"

रुपरावांनी घसा साफ केला. बोलले तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त जरा हळू.

"माह्याजवळ एकबी शेअर नाही, पोरी. तुमचे साहेब होत ना, सुशील, तो माहा पोरगा होय. सात वर्षं झाले, माह्याशी बोलत नाही. आज तो जेवला का, तेवढं पाहून सांगशीन?"