धोंडप्पाची घुंगरकाठी

निजामाच्या अमलात धाराशिवहून तुळजापूरला डाक पळतच जाई. हरकाऱ्याच्या खांद्यावर टपालाची थैली अन् हातात घुंगरकाठी. हरकारा मेला की त्याची काठी पुढच्याच्या हाती द्यायची, घुंगरं बदलायची नाहीत, असा रिवाज. तशी धोंडप्पाची काठी बलभीमाकडं आली.

धोंडप्पाला दुखणं कसलंच नव्हतं. रोज पळत घाट चढणारा गडी, एका दुपारी घाटाखाली पडला तो उठलाच नाही.

आज बलभीम घाटाखालच्या विहिरीपाशी थांबला. काठी बाभळीला टेकवून त्यानं ओंजळ पुढं केली. धोंडप्पाची बायको इरम्मा वरून पाणी ओतू लागली.

काठी वाजतच होती. छुम, छुम, छुम. पळत्या पावलांच्या ठेक्यात.

वारं पडलं होतं. बाभळीचा पाला हलत नव्हता. बलभीमानं काठी उचलून घुंगरं मुठीत गच्च आवळली, तरी ती आतल्या आत थरथरत राहिली. दुसरा हात त्यानं धपापणाऱ्या छातीवर ठेवला. तिथंही तोच ठेका. जरासुद्धा मागंपुढं नाही.

"काकू, ऐकू येतंय न्हवं?"

"येतंय की," इरम्मा म्हणाली. "त्या दिशीबी आलं हुतं. हे हितंच पानी पीत हुते."

"मग?"

इरम्मानं कळशी खाली ठेवली.

"आदी घुंगरं थांबली, बाबा."

बलभीमानं मूठ आणखी आवळली. आतली थरथर थांबली होती.