पंप बंद केल्यावर

मंगळवार, १२ फेब्रुवारी, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. कारखान्याच्या मागील आवारात तपासणीचे सहा बोअर होते आणि त्यांची झाकणे उघडण्याची वाट पाहत तीन माणसे उभी होती: कारखान्याचे व्यवस्थापक, तपासणी करणाऱ्या अभियंताबाई आणि कुंपणाच्या भिंतीपलीकडे लाँड्री चालवणाऱ्या मावशी.

बॉयलरकडे जाणाऱ्या जमिनीखालच्या नळातून डिझेल गळले, त्या दिवसापासून मावशींची विहीर कुलपात होती आणि लाँड्री कारखान्याने रोज पाठवलेल्या एका टँकरवर चालत होती. मातीत मुरलेले डिझेल पंपाने उपसण्याचे काम दहा महिने चालले. अलीकडचे चारही अहवाल स्वच्छ आले होते. त्यांवर एक सही झाली असती, तर विहिरीचे कुलूप निघाले असते. सही करण्याऐवजी अभियंताबाईंनी पंधरा दिवसांपूर्वी पंपच बंद करायला लावला होता.

“मॅडम, रोगी उठून चालायला लागला तरी वैद्याला झोप नाही, तसं तुमचं झालंय,” मावशी म्हणाल्या. “कामावरून कमी केलेल्या दोघींना येत्या सोमवारपासून या, म्हणून मी सांगून बसलेय. तुमच्या त्या एका टँकरच्या पाण्यात त्यांना काय करायला लावू? नुसत्या घड्या घालायला?”

“मावशींचं बरोबर आहे,” व्यवस्थापक म्हणाले. दहा महिन्यांत या दोघांचे एकमत होण्याची ही पहिलीच वेळ होती. “नियमात चार स्वच्छ अहवाल मागितलेत, ते आपण दिले. पंप बंद करून बघा, असं कुठे लिहिलंय?”

“लिहिलेलं नाही,” अभियंताबाई म्हणाल्या आणि हातमोजे चढवू लागल्या.

त्यांनी गाडीत पेट्रोल आदल्या संध्याकाळीच भरून घेतले होते. पेट्रोल पंपावरून आलेल्या हाताने बोअर उघडायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. सुरुवात त्यांनी सर्वांत दूरच्या, कधीच न बिघडलेल्या बोअरपासून केली. दोरीला बांधलेली पारदर्शक नळी सावकाश खाली सोडायची, पाण्याला लागताच हात थांबवायचा, पुन्हा तितक्याच सावकाश वर घ्यायची आणि उजेडात धरायची. प्रत्येक बोअरला नवी नळी, नवी दोरी, नवे हातमोजे. घाई व्यवस्थापकांच्या पायांत होती, मावशींच्या जिभेवर होती. अभियंताबाईंच्या हातात ती कुठेच नव्हती.

पहिली नळी स्वच्छ निघाली. दुसरीही. पाच बोअर तपासून त्यांची झाकणे लागली तेव्हा व्यवस्थापकांनी खिशातून पेन काढले होते आणि मावशी फोनवर नंबर शोधत होत्या.

“थांबा, मावशी. एक राहिलाय.”

तो चौथ्या क्रमांकाचा बोअर होता, भिंतीला अगदी खेटून. नळ फुटला होता ती जागा याच्या सर्वांत जवळ, म्हणून याची पाळी सर्वांत शेवटी. नळी खाली गेली, वर आली. अभियंताबाईंनी ती उजेडात धरली आणि धरूनच ठेवली. पाण्याच्या माथ्यावर मधाच्या रंगाची एक बारीक पट्टी होती.

“आता आतापर्यंत काचेसारखं पाणी येत होतं की,” व्यवस्थापक हळूच म्हणाले.

“मातीच्या कणांना धरून बसलेलं असतं ते. पंप ओढत असतो तोवर वर साचत नाही. ओढ थांबली की सुटून येतं.”

मावशींनी खांद्यावरचे पांढरे फडके काढले आणि त्याचे टोक नळीच्या तोंडाशी टेकवले. पिवळट डाग संथपणे पसरत त्यांच्या बोटापर्यंत आला. त्यांनी तो नाकाशी नेला. भिंतीच्या वरून त्यांच्या दोऱ्या दिसत होत्या. त्यांवर दवाखान्याच्या चादरी वाळत होत्या. मावशींनी एकदा तिकडे पाहिले.

“साहेब, ते पेन ठेवा खिशात,” त्या म्हणाल्या. “ओल्या चादरीवर डाग दिसत नाही. वाळली की वर येतो. आपण दोघं ओलीच घडी घालायला निघालो होतो. ही पोरगी वाळेपर्यंत थांबली.”

व्यवस्थापकांनी कोणालाही हाक मारली नाही. ते स्वतः चालत पॅनेलपाशी गेले आणि त्यांनी बटण दाबले. पंप एकदा खोकला, मग एका लयीत चालू लागला.

“आणि दुसरा टँकर?” मावशींनी तिथूनच विचारले.

“बघतो.”

“बघू नका, पाठवा. सोमवारी सकाळी. त्या दोघींना मी आता येऊ नका म्हणणार नाही.”

“पाठवतो,” व्यवस्थापक म्हणाले.

अभियंताबाई नळीला मोजपट्टी लावून माप घेत होत्या. मावशी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. सावली नळीवर पडते आहे हे लक्षात येताच बाजूला सरकल्या.

“परत कधी बंद करणार गं?”

“तीन महिन्यांनी.”

“मला बोलव. आणि तेव्हा चांगला महिनाभर बंद ठेव. पंधरा दिवस कमी पडतात.”

अभियंताबाई पहिल्यांदाच हसल्या. मग त्यांनी माप पुन्हा एकदा घेतले आणि नळीच्या चिठ्ठीवर लिहिले: बोअर क्रमांक चार, डिझेलचा थर तीन मिलिमीटर.