माणशी एक चमचा

ऑरिनने चाचणीची पट्टी टबातून काढली आणि उजेडाकडे धरली. वर्ना श्वास रोखून उभी राहिली. अंगणातल्या त्या गरम पाण्याच्या टबात आज आठ जणांचा बाप्तिस्मा व्हायचा होता. तळ्यावरचा बर्फ मे उजाडल्याशिवाय वितळणार नव्हता, आणि एक्याऐंशी वर्षांच्या आल्मा आजी मेपर्यंत थांबायला तयार नव्हत्या.

"जमलं," तिचा नवरा म्हणाला. "आधी क्षारता, मग पीएच. उलट केलं की पाणी रुसतं. तुझ्या पास्टरला सांग, अंगाला क्रीम फासून कुणी उतरायचं नाही. देव माफ करील, पाणी नाही करत."

वर्नाला हसू आलं. गावच्या पाणीपुरवठ्यात जन्म गेलेला हा माणूस. दर रविवारी तिला चर्चच्या दारात सोडायचा आणि स्वतः ट्रकमध्ये बसून राहायचा. चाळीस वर्षं. रोज सकाळी तो पट्टी बुडवायचा, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत डोळे मिटून ती त्याच्यासाठी एकच मागणं मागायची. त्याला कधी बोलून दाखवलं नाही.

माणसं बाहेर आली की पाण्यात माणशी एक चमचा क्लोरीनची भुकटी घालायची, हा ऑरिनचा नेम. कठड्यावर त्याने मापून भरलेले कागदी पेले मांडले होते. वर्नाने मोजले. दहा.

"आठ जण आणि पास्टर, नऊच होतात रे! म्हातारा झालास." तिने एक पेला उचलला.

"ठेव तिथेच," तो पाण्याकडे बघत म्हणाला.

दहाला मंडळी आली. एकेक जण वाफेत शिरला, पाण्याखाली गेला, वर आला. पाणी इतकं नितळ, की तळाशी पास्टर लिंडक्विस्टांच्या पायाची बोटं दिसत होती. शेवटी आल्मा आजी. वर येताच त्यांच्या ओल्या केसांवर हिमाचे कण धरले, उन्हात चमकले.

"पास्टर, अजून एकदा बुडवा," आजी म्हणाल्या. "मला काही घाई नाही!"

हशा ओसरला. आजींना टॉवेलात गुंडाळून आत नेलं. पास्टर पायरीकडे वळले.

"थांबा जरा," मागून आवाज आला.

ऑरिन बर्फात अनवाणी उभा होता. शेजारी त्याचे बूट, त्यांत नीट घडी करून ठेवलेले मोजे.

वर्नाने कठड्यावरच्या दहाव्या पेल्याकडे पाहिलं. पाण्याच्या हिशेबात तो आजवर एकदाही चुकला नव्हता.