अंतरपाट धरलेला असताना

बेचाळीस अंशांच्या उन्हात नदीच्या कोरड्या पात्रात लग्नाचा मांडव घातला होता. अंतरपाट धरला, तेवढ्यात नवरीचा मामा फोन घेऊन बोहल्यावर चढला.

“वर डोंगरात ढगफुटी झालीय! सकाळीच इशारा होता हवामानखात्याचा. उठा सगळे!”

“आभाळात ढग तरी दिसतोय का?” नवरदेवाची आई कोंडाबाई कडाडली. “मुहूर्त टळायचा नाही. म्हणा गुरुजी.”

कुणीच हललं नाही. मग नवरी प्रणिताच पाटावरून उतरली. हातातला हार पाटावर ठेवून, शालू सावरत ती काठाकडं धावत सुटली.

“नवरी पळाली!” सगळं वऱ्हाड ओरडत तिच्यामागं धावलं. दरड चढून कोंडाबाईनं तिचा दंड धरला. “नाक कापलंस आमचं!”

प्रणितानं नुसतं बोट दाखवलं. वळणावरून मातकट पाण्याची भिंत येत होती. मांडव, खुर्च्या, जेवणाच्या कढया, सगळं डोळ्यांदेखत वाहून गेलं. वर ऊन तसंच लखलखत होतं.

कोंडाबाईनं तिचा दंड सोडला आणि काठावरची माणसं मोजायला लागली.

“आपली सगळी माणसं वर आली ना गं?”

“आली, आत्या,” प्रणिता म्हणाली.