एका फाईलमधला समुद्र

बाबा चाळीस वर्षं रोज सकाळी धक्क्यावरून थर्मामीटर सोडून समुद्राचं तापमान वहीत लिहीत आले. त्यासाठी मी त्यांना संगणकावरचा प्रोग्राम करून दिला; पण त्याच्या साठ फायलींपैकी एखादी ते हमखास उडवायचे आणि मी राहते त्या दूरच्या ट्रॉम्सो शहरात मला फोन करायचे. शेवटी थकून मी त्या साठही फायली एकाच फाईलमध्ये बांधल्या. फोन थांबले. वर्षानं घरी जाऊन फाईल उघडली, तर आत एकही नोंद नाही! चूक माझीच: अशी फाईल उघडताना संगणकात तात्पुरती जागा घेते, बंद होताना ती झाडून काढते, आणि नोंदी मी तिथेच ठेवल्या होत्या. “बाबा, अख्खं वर्ष गेलं.” त्यांनी कॉफीच्या डब्यामागून वही काढली. “गेलं कुठं? तुझं यंत्र विसरभोळं, हे पहिल्याच आठवड्यात कळलं.” “मग फोन का नाही केलात?” “अगं, ‘हॅलो’च्या आधी तुझा उसासा येतो.”