लाल हापसा

"हापसा लाल रंगवला म्हणून पाणी लाल झालं का?" साकिनाबीबीनं कुंपणापलीकडच्या जहानाराला विचारलं. "झिनुकच्या आजोबांनी बसवलाय तो. मी ह्याच्याच पाण्यावर मरणार!"

"खुशाल मरा, भाभी. पण नातीला तरी सोडा," जहानारा हसत म्हणाली.

साकिनाबीबीची सून मुनिरा चुलीपाशी बसून हे ऐकत होती. अंगणात तिची लेक झिनुक दोऱ्याला बांधलेलं काळं चामडी चाक ओढत फिरत होती. ते आजीनंच दिलं होतं.

तपासणीवाल्यांनी पाण्यात आर्सेनिकचं विष सापडलेले हापसे लाल रंगवले होते, चांगल्या पाण्याचे हिरवे. सासरे गेले तेव्हाचे त्यांचे काळे, खरबरीत तळहात मुनिराला अजून दिसायचे.

भांडण नको म्हणून तिनं वाट काढली होती. सासू पहाटे नमाजाला बसली की ती भातखाचरांपलीकडच्या मशिदीजवळच्या हिरव्या हापशावरून कळशी आणून गुपचूप चुलीपाशी ठेवायची. धुणंभांडी तळ्यावर. लाल हापशाला ती बोटही लावत नसे.

"आपल्या अंगणातलं पाणी!" सासू पेला रिकामा करून म्हणायची. "मशिदीपाशी मिळेल का ही गोडी?"

मुनिरा मान खाली घालून चूल फुंकायची.

मग तिला ताप भरला. ग्लानीत झिनुकला पाणी पाजणाऱ्या सासूचा आवाज यायचा, "पी गं माझे साळुंके, अजून एक घोट." मुनिराला ओरडायचं असायचं. आवाज फुटायचा नाही.

ताप उतरताच ती भिंत धरून चुलीपाशी आली. कळशी काठोकाठ भरलेली. सासू दारात बसून पायांचा भातखाचरातला चिखल खरवडत होती.

"अम्मा, हे पाणी कुठलं?"

"कुठलं म्हणजे? अंगणातलं. तू उठलीस कशाला?"

"एवढीशी पोर आहे, अम्मा! अब्बांचे हात विसरलात?" मुनिरानं पेला उचलला. "थांबा, ह्यात धरून दाखवते. थोडं ठेवलं की त्यातल्या लोहानं कसं पिवळं पडतं ते बघा!"

कोरडं अंगण ओलांडून तिनं दांडा दाबला. तो सैल खाली पडला. पाणी चढावं म्हणून तिनं वरून तांब्याभर पाणी ओतलं, पुन्हा पुन्हा दाबला. ओतलेलं पाणी गडगडत खाली गेलं. तोटीतून एक कोळी तेवढा बाहेर आला.

"हळू, सूनबाई. जहानाराला ऐकू जाईल," सासू मागून कुजबुजली. "त्याचं चामडी वायसर झिनुकच्या दोऱ्याला आहे."