एका ओळीचं काम

"एकशे त्रेचाळीस चुका, इंदाय! आणि पंप विकत घेणारे पाहुणे तासाभरात दारात!" इंदाय, म्हणजे 'पोरी', म्हणत मालक सर ऑबिननी प्रोग्रॅमर मारिलूच्या खुर्चीची पाठ धरली. फिलिपिन्सच्या सेबू शहरातल्या त्या छोट्या कंपनीत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना औषध देणारा पंप बनत होता.

चुका कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम, दाखवत होता, आणि दाखवणारच. मारिलूनं कोडमधल्या प्रत्येक आकड्याला त्याच्या मापाचं वेष्टन घातलं होतं. हा मिलिग्रॅम, हा मायक्रोग्रॅम. नुसता आकडा हवा तिथे वेष्टनासकट आला की काम अडलंच.

"एक ओळ टाक ना वर. वेष्टन उघडायचा कोड आपोआप तयार होतो. सगळं जग तेच करतं."

"करू दे जगाला. मी नाही टाकणार."

"सरक." सरांनी स्वतःच ओळ टाकली. एकही चूक उरली नाही. झालं! टाळ्या काय वाजल्या, कुणी बिबिंका केकचा डबा काय उघडला. इतका आनंद, जसं काही बाळंच बरी झाली.

मारिलू उठली. टेबलावरच्या पंपात पाण्याची सिरिंज होती. तिनं डॉक्टरांच्या पडद्यावर 'पाच मायक्रोग्रॅम' भरलं, नळीखाली पेला धरला आणि बटण दाबलं. पंप घरघरला. बघता बघता सगळी सिरिंज पेल्यात.

"डॉक्टरांनी मायक्रोग्रॅम सांगितले. पंप मिलिग्रॅम धरून चालतो. मध्ये वेष्टन आपोआप उघडलं, माप गळलं, नुसता पाचाचा आकडा पोचला. हजारपट औषध, सर."

डब्याचं झाकण पुन्हा लागलं.

"आजच्यापुरतं राहू दे," सर हळूच म्हणाले. "नंतर काढू."

"नंतर कोण काढतंय? गेल्या वर्षीचं 'नंतर' अजून तसंच पडलंय." तिनं ओळ खोडली. पडदा पुन्हा लालेलाल.

"मग उद्यापासून येऊ नकोस!"

"बरं, नाही येत." मारिलूनं कीबोर्ड पुढ्यात ओढला. "आज मात्र सरका. एकशे त्रेचाळीस जागी कुठलं माप कशात बदलायचं ते हातानं लिहायचंय."

"आणि पाहुण्यांना मी काय सांगू?"

तिनं मान वर केली नाही. पहिली चूक उघडली.

"खरं तेच सांगा. म्हणावं, पंप तुमच्याच नातवाला लावायचाय असं समजून बसलीये ती."